निविदेत गाळ, पात्रात धोंडे

गोव्यातल्या आमच्या गावच्या ग्रामसभेत यंदा व्हाळावरून, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावरून, दोन तास वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, पावसाआधी पोकलेन लावून गाळ काढा आणि दोन्ही काठांना संरक्षक भिंत घाला, नाहीतर पुन्हा पाणी घरात शिरणार. दुसरी बाजू म्हणत होती, नदी जिवंत आहे, तिला हात लावू नका, यंत्र उतरवलंत तर आम्ही कोर्टात जाऊ. सभा उठली तेव्हा गाळ काढण्याचा एक ठराव झाला होता आणि त्याला विरोध करणाऱ्या निवेदनावर सह्या चालल्या होत्या. दोन्ही कागदांवर एक शब्द मात्र सारखाच होता : गाळ. घरी परतताना मी साकवावर, म्हणजे व्हाळावरच्या लहान पुलावर, थांबून खाली पाहिलं. उन्हाळ्यामुळे पाणी घोट्याएवढंही नव्हतं, त्यामुळे तळ स्पष्ट दिसत होता. त्यात असोल्या नारळाएवढे, काही तर फणसाएवढे धोंडे होते, मधल्या फटींत खडी होती आणि मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला ओंजळभर रेती. गाळ म्हणावा असं काहीच नव्हतं.

शब्दावरून कुरकुर करणारा मास्तर वाटेन, पण हा शब्दाचा घोळ लोकांच्या घरादारावर उठतो. आपल्या भाषेत चिखल, गाळ, पोयटा, रेती, खडी, गोटा, धोंडा, शिळा असे वेगवेगळे शब्द आहेत, कारण पाण्याशी वागण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे. गाळ पाण्यात तरंगत जातो आणि पाणी निवांत झालं की बसतो. रेती कधी तरंगते, कधी तळाशी उड्या मारत जाते. धोंडा तळावरून गडगडत, घासत, थांबत थांबत जातो, आणि ज्या दिवशी तो हलतो त्या दिवशी बंधारा, पूल, भिंत काहीही हलवू शकतो. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. घाटातून उतरणाऱ्या पात्रात भिंत, बंधारा, पूल, खोदकाम किंवा पाणी वळवणं यांपैकी काहीही करायचं असेल, तर तिथून पावसाळ्यात केवढा दगड, किती आणि कुठवर जातो याचा हिशेब मांडल्याशिवाय परवानगी देऊ नये. पाण्याचा हिशेब सगळेच मांडतात. दगडाचा हिशेब ना सरकारी खातं मागतं, ना खात्यावर टीका करणारे.

हा हिशेब इतका महत्त्वाचा का? गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीच्या डोंगरात त्याहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीचा माथा ते समुद्र हे अंतर इतकं थोडं की नदीला घाटातला उतार हळूहळू कमी करायला वावच मिळत नाही. धोंडा हलतो तो तळावर पाण्याची जी ओढ बसते तिच्यामुळे, आणि ती ओढ पाण्याची खोली आणि पात्राचा उतार यांच्या गुणाकारावर ठरते. पाण्यात बुडालेल्या धोंड्याचं वजन तसंही तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झालेलं असतं. तळाचा दगड केव्हा हलतो याबद्दल शील्ड्स या संशोधकाने १९३६ साली बर्लिनमध्ये आणि मेयर-पीटर व म्युलर यांनी १९४८ साली झुरिकमध्ये जे मांडलं, त्यावरून ढोबळ गणित करून पाहा. पन्नास मीटरला एक मीटर उतार असलेल्या व्हाळात ८० सेंटीमीटर खोल पाणी साधारण २० सेंटीमीटरचा, म्हणजे असोल्या नारळाएवढा धोंडा हलवू शकतं. तेच ८० सेंटीमीटर पाणी हजाराला एक उताराच्या पात्रात जेमतेम चिंचोका हलवतं. खोली तीच, नदीही तीच, पण डोंगराच्या पायथ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगं. आणि ही सगळी करामत उंबरठ्याची आहे. ओढ उंबरठ्याच्या खाली असेल तर आठवडाभर पाणी वाहूनही एक गोटा जागचा हलत नाही. उंबरठा ओलांडला की पाणी थोडं वाढलं तरी दगडांची वाहतूक कितीतरी पटीने वाढते. वर्षभराच्या दगडवाहतुकीतला मोठा वाटा दोन-चार रात्रींत उरकतो. सकाळी पाणी ओसरल्यावर पाहणी करायला येणाऱ्यांना फक्त ढिगारा दिसतो.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांनीही दिसते, पाहिली तर. व्हाळाच्या तळाचा वरचा थर जाड दगडांचा असतो, त्याच्याखाली बारीक खडी आणि रेती. बारीक माल पाण्याने कधीच उचलून नेलेला असतो आणि उरलेले मोठे धोंडे एकमेकांत अडकून तळाला चिलखत घालतात. तीव्र उतारावर तर ते आडवे रचल्यासारखे बसतात. एक पायरी, तिच्याखाली डोह, पुन्हा पायरी. पाण्याची रग या पायऱ्यांवर आपटून जिरते. आता पोकलेनवाला सगळ्यात आधी काय काढतो? हेच धोंडे, कारण ते ‘अडथळा’ दिसतात आणि बादली पटकन भरते. चिलखत उतरलं की खालची खडी उघडी पडते. पुढच्या पुरात तीच वाहते आणि पायऱ्या नसल्यामुळे पाणीही पूर्वीपेक्षा जोरात येतं. म्हणजे गाळ काढण्याच्या नावाखाली आपण खाली येणारा माल वाढवून ठेवलेला असतो, तोही सरकारी खर्चाने.

आता ‘गाळ काढा’ म्हणणाऱ्यांचं खरं दुखणं ऐकायला हवं, कारण ते खोटं नाही. २३ जुलै २०२१ ला सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा भागात ज्यांच्या घरांत छातीएवढं पाणी शिरलं, त्यांना उंबरठ्याची आणि चिलखताची गोष्ट सांगायला मला लाज वाटेल. त्याच आठवड्यात चिपळूण बुडालं, आणि वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून तिथले लोक उपोषणाला बसले. पात्र भरून वर आलं तर तेवढंच पाणी जास्त उंचीवरून जातं, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. पुलाच्या कमानी बुजल्या असतील, गावातलं पात्र भरलं असेल, तर तिथे उपसा करावाच लागतो. माझा आक्षेप उपशाला नाही. प्रश्न असा की तिथे माल साचतो का? वाळवंटीचं उदाहरण घ्या. नावातच वाळवंट असलेली ही नदी चोर्ला घाटाच्या बाजूने उतरते, केरी-मोर्लेवरून साखळीत येते. विठ्ठलापूरला तिच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे आणि त्रिपुरारी पौर्णिमेला तिच्या पाण्यात नौका सोडतात. पंढरपूरची आठवण येणारं हे दृश्य जिथे आहे, तिथेच डोंगराचा उतार संपून सपाटी सुरू होते. वरून आलेला दगड आणि रेती नदी तिथेच टाकणार, कारण पुढे न्यायची ताकद तिच्यात राहत नाही. साखळीला पुराचा धोका आहे तो या जागेमुळे, कुणाच्या हलगर्जीपणापेक्षा कितीतरी जास्त. तिथे भिंती बांधल्या, शहरातलं पाणी नदीत फेकायला पंप बसवले. पाण्यापुरता तो उपाय बरोबरही आहे. पण दोन भिंतींमध्ये येणारा दगड जातो कुठे?

याचं उत्तर बिहारने फार मोठी किंमत देऊन शोधलं आहे. तिथल्या कोसी नदीला १९५० च्या दशकात दोन्ही बाजूंनी तटबंध घातले. पूर्वी मैलोगणती पसरणारा माल आता तटबंधांमध्येच बसायला लागला आणि पात्र वर वर येत गेलं. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमध्ये कुसहा इथे तटबंध फुटला, तेव्हा नदीत सुमारे १.४४ लाख क्युसेक पाणी होतं. तटबंध ९.५ लाख क्युसेकसाठी बांधलेला. पाणी अंदाजाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकं, तरी लाखो लोक उघड्यावर आले. कोसीचा माल बहुतांश रेती आणि गाळ, आमच्या व्हाळाचा धोंडा. प्रमाणही हजारपटींनी वेगळं. तरी चूक तीच आहे. पाण्याला कोंडलं, आणि त्याच्याबरोबर येणाऱ्याचं काय करायचं ते ठरवलंच नाही.

खोदून काढण्याचंही तसंच. गोव्याला पोर्तुगालची उदाहरणं बरी कळतात, म्हणून तिथलंच देतो. ४ मार्च २००१ च्या रात्री दोरू नदीवरचा हिन्त्झे रिबेरो पूल कोसळला. एक बस आणि तीन मोटारी नदीत गेल्या, ५९ माणसं मेली. वर्षानुवर्षं चाललेल्या रेती उपशाने तळ खाली गेला होता आणि खांबाचा पाया उघडा पडला होता. संबंधित खात्याच्या मंत्र्याने लगेच राजीनामा दिला, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडे आवर्जून पाहण्यासारखी बाब ही की खोदलेला खड्डा जागच्या जागी राहत नाही. त्याच्या वरच्या तोंडाला पाण्याला एकदम उतार मिळतो, तिथून तळ खणत खणत खड्डा उगमाकडे चढत जातो आणि वाटेतल्या पुलांचे, साकवांचे पाय उघडे करतो. काठच्या विहिरींचं पाणीही त्याबरोबर उतरतं. खालच्या बाजूला माल येणं बंद होतं, म्हणून तिथलं पाणी काठ खायला लागतं. पूल कोसळला की आपण सिमेंटचे नमुने तपासायला पाठवतो.

बंधाऱ्यांबद्दल मी जरा जास्त बोलेन, कारण ते मी पाहिलं आहे. आमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, खालच्या अंगाला, कागदावर अगदी व्यवस्थित दिसणारा एक बंधारा झाला. पावसाआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायचे, पाणी आणि माल जाऊ द्यायचा, ऑक्टोबरनंतर बरगे घालून पाणी अडवायचं. पद्धत उत्तम, कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली. पण ती कृष्णा-पंचगंगेच्या संथ पात्रांत जन्मली आहे. आमच्याकडे पायऱ्या-डोहांच्या व्हाळात ती जशीच्या तशी उतरवली. पहिल्याच वर्षी बरगे काढायला आठ दिवस उशीर झाला आणि पहिल्या मोठ्या पावसाने एक सागवानी ओंडका आणून दोन खांबांच्या मध्ये आडवा टाकला. त्याच्यामागे धोंडे बसले, धोंड्यांमागे खडी. तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत बंधारा खांबांच्या डोक्यापर्यंत दगडांनी भरला होता. पाण्याने बाजूची वाट शोधली आणि आमच्या दोन ओळी पोफळी घेऊन गेलं. चौकशीला आलेल्या माणसाने वहीत लिहिलं, ‘अतिवृष्टी’. अतिवृष्टी खरीच होती. पण त्या व्हाळात अतिवृष्टी दर वर्षी होते, आणि ती दगड घेऊन येते हे कुळागरातल्या गड्यालाही ठाऊक होतं. जपानमध्ये डोंगरी प्रवाहांतला दगडमातीचा लोंढा आवरण्यासाठी १८९७ पासून कायदा आहे. तिथल्या लोकांनी आधी धोंडे अडवायला बंद भिंती बांधल्या, मग त्या भरून गेल्यावर अनुभवाने उभ्या फटी असलेल्या भिंती बांधायला घेतल्या. नेहमीचा माल फटीतून पुढे जावा आणि फक्त भयंकर लोंढा अडावा, ही कल्पना. आपण अजून बंद भिंतीच्याही आधीच्या टप्प्यावर आहोत. आपल्या भिंतीमागे काय साचणार, हेच विचारलेलं नाही.

इथे अभियंते एक मुद्दा काढतात आणि तो सगळ्यात जोरदार आहे. ते म्हणतात, दगडाचा हिशेब मांडायचा म्हणजे काय? तळावरून किती दगड जातो ते सांगणारी सूत्रं डोंगरी व्हाळात दहादहा पटींनी चुकतात. पाण्याची बरीच ताकद मोठ्या शिळांवर खर्च होते, आणि वरून माल किती येणार हे दरड कोसळण्यावर ठरतं. अशा आकड्यावर आम्ही सही कशी करायची? मला हे मान्य आहे, अगदी मनापासून. सूत्रं चुकतात, आणि तीव्र उतारावर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा खूप मोठा आकडा देतात. पण मग आज आपण कोणता आकडा धरतो? शून्य. आराखड्यात दगडाचा रकाना नाही, म्हणजे तिथून दगड जाणारच नाही असं आपण गृहीत धरलेलं असतं. दहापटीने चुकणाऱ्या आकड्यांमध्ये एकच आकडा खात्रीने चुकीचा आहे, आणि आपण नेमका तोच निवडला आहे. आणि सूत्राला नदीत तपासून घेता येतं. पावसाआधी आणि पावसानंतर दहा ठिकाणी पात्राची आडवी मापं घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. लेन या अभियंत्याने १९५५ साली मांडलेला तराजू विद्यार्थ्यालाही कळतो. एका पारड्यात दगडांचा आकार आणि प्रमाण, दुसऱ्यात पाणी आणि उतार. एक पारडं हलवलं की नदी दुसरं हलवणारच. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था १९१६ पासून आहे, नद्यांची प्रतिरूपं करून तपासणं हे तिचं रोजचं काम. विद्येची उणीव आपल्याला नाही.

आता ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. यातले बरेच माझे मित्र आहेत, त्यामुळे जरा तिखट बोलतो. गोव्यातली नदी कधीच अस्पर्श नव्हती. सत्तरीत सावर्डे, करंझोळ, कुमठळ या बाजूला म्हादई नदीच्या पात्रातच पुरण शेती करायचे. पाऊस संपला की दगडांचे बांध रचायचे, पाण्याला वळण द्यायचं, पोयट्यावर भात घ्यायचं आणि पुढच्या पावसात नदीने ते सगळं परत न्यायचं. कुठला दगड उचलायचा आणि कुठला ठेवायचा, हे त्या शेतकऱ्याला कळत होतं. खाली खाजनांत, म्हणजे भरतीच्या पाण्यालगतच्या सखल शेतांत, गावकऱ्यांनी शतकानुशतकं बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, राखून भरतीच्या पाण्याला आणि गाळाला वेसण घातली. ही सगळी माणसं नदीला हात लावतच होती, पण मोजून. रेती उपशावर सरसकट बंदी घालून काय साधलं? होड्या रात्रीच्या निघायला लागल्या, आणि बांधकामाची रेती सिंधुदुर्ग-कारवारकडून यायला लागली, म्हणजे आपला खड्डा शेजाऱ्याच्या नदीत. वर्षाला नदी जेवढी रेती आणते त्याहून कमी काढा, हे साधं धोरण आखायचं तरी ती किती आणते हे माहीत हवं. मग पुन्हा तोच मोजणीचा प्रश्न, आणि तो टाळण्यात दोन्ही पक्षांचं छान जमतं.

लोहखनिजाच्या खाणींचं प्रकरण मात्र खरोखर गाळाचं आहे, इथे शब्द बरोबर बसतो. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाजूला टाकली गेली, तिचे डोंगर डिचोली, सत्तरी, सांगे भागात उभे आहेत आणि पावसात लाल पाणी शेतांत आणि खाजनांत उतरतं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या, २०१८ मध्ये ८८ लीजची नूतनीकरणं रद्द केली, तेव्हा अनेकांना वाटलं की नद्या आता आपोआप सुधारतील. कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनाही असंच वाटलं होतं. तिथे सोन्यासाठी पाण्याच्या तोट्यांनी डोंगर फोडले, त्याचा राडारोडा नद्यांत उतरून मेरीसव्हिलजवळ यूबा नदीचं पात्र शहराच्या रस्त्यांपेक्षा वर गेलं. १८८४ साली कोर्टाने तो राडारोडा नदीत सोडायला मनाई केली. तरी तो थांबला नाही. गिल्बर्ट या भूवैज्ञानिकाने आधी बर्कलीत पाण्याच्या उघड्या पन्हळींत रेती सोडून प्रयोग केले, १९१४ साली ते छापले, आणि १९१७ च्या अहवालात दाखवून दिलं की नदीत पडलेला माल लाटेसारखा खाली सरकत जातो. वरचं पात्र हळूहळू पूर्वपदावर येत असतं तेव्हा खालचं भरत असतं. खाण बंद होणं म्हणजे त्या लाटेचा शेवट नव्हे, तिचं अर्धं आयुष्य अजून बाकी असतं. आमच्या ढिगांच्या पायथ्याशी दगडी बांध आणि झाडोरा यांवर जो खर्च व्हायला हवा, तो आपण नदीच्या तोंडाशी उपसा करण्यात घालतो.

म्हादईबद्दल एकच मुद्दा, कारण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. तिच्या पाण्यावरून राज्यांत चाललेल्या वादाच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात पंचाहत्तर टक्के खात्रीचं, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत मिळेल असं, पाणी १८८ टीएमसी (अब्ज घनफूट) धरलं, आणि कळसा-भांडुरा या पाणी वळवण्याच्या योजनेसाठी कर्नाटकाला ३.९ टीएमसी दिलं. तिथले वकील विचारतात, दोन टक्क्यांनी एवढं काय बिघडणार? एकूण पाण्याच्या हिशेबात त्यांचं म्हणणं चूक नाही, आणि आपण नुसतं ‘आई, आई’ करून त्याला उत्तर देऊ शकत नाही. पण ते दोन टक्के घेतले जाणार उगमाकडच्या फाट्यांतून, आणि तेच फाटे नदीला दगड पुरवतात. तिथे बांध घातला तर पाणी कितीही सोडलं तरी दगड मागेच राहतो. दगडावाचून आलेलं पाणी खाली स्वतःचाच तळ आणि काठ खातं. पाणी पुराच्या माथ्यावरचं घेणार की ओसरत्या पावसातलं, यावरही फार अवलंबून आहे, कारण दगड हलतात ते माथ्यावरच. हे प्रश्न आपण विचारायला हवे होते. पण विचारणार कोणत्या तोंडाने? केरीजवळ अंजुणे धरण आपणच बांधलं आहे, वाळवंटीच्या उगमाकडच्या फाट्यावर, आणि त्याच्यामागे किती दगड अडला यावर विधानसभेत कुणी हात वर केल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, गेटाला मारून उरलेल्या लाल रंगाने मी आमच्या व्हाळात, पोफळीच्या ओळीखाली, तीस धोंडे रंगवले. लहान मुलं हसली, बायको म्हणाली की वेळ फार झाला आहे तुम्हाला. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनाच घेऊन शोधायला गेलो. फणसाएवढे सगळे जागच्या जागी होते. नारळाएवढ्यांतले बरेच गेले होते, एक तर पार साकवाच्या पुढे जाऊन अडकला होता. तेवढ्याने सूत्राची दुरुस्ती होत नाही, पण त्या व्हाळात कोणता धोंडा बसतो आणि कोणता निघतो हे मला आता माहीत आहे, आणि ते निविदा काढणाऱ्यांना माहीत नाही. यंदा मे अखेरीस ठरावाप्रमाणे पोकलेन उतरलंच. काठावर टाकलेल्या ढिगात माझे दोन लाल धोंडे निघाले, दोन्ही फणसाएवढे, वर्षभर जागचे न हललेले. ट्रकवाल्याकडची पावती मी मागून घेतली. तिच्यावर लिहिलं होतं : गाळ, एक ट्रिप.